आमच्या शहरात ओपन कॅरीवर (बंदूक उघड बाळगण्यावर) बंदी येतेय, विरोधात बोलायचंय. काय मांडू?

वाटसरू_कोलोरॅडो:

नमस्कार मंडळी. मी कोलोरॅडोत राहतो, डेन्व्हर आणि बोल्डरच्या मधल्या पट्ट्यातलं छोटं शहर आहे, नाव मुद्दाम देत नाही. आमच्या सिटी कौन्सिलपुढे ऑर्डिनन्स (शहरापुरता कायदा) आलाय, सार्वजनिक ठिकाणी कोणीही उघडपणे बंदूक बाळगायची नाही म्हणून. रस्ता, पार्क, बसस्टॉप, पार्किंग लॉट, सगळंच आलं त्यात. पहिलं वाचन झालं, आता दुसऱ्या वाचनाला लोकांना तीन-तीन मिनिटं बोलायला देणार आहेत आणि मी नाव नोंदवलंय. मी बंदीच्या विरोधात आहे. माझ्या ओळखीतली बहुतेक मराठी मंडळी बंदीच्या बाजूने आहेत हे माहितीये मला, आणि त्यांची भीती खोटी आहे असं मी अजिबात म्हणत नाही, मार्च 2021 मध्ये बोल्डरच्या किंग सूपर्स सुपरमार्केटमधल्या गोळीबारात दहा जण मारले गेले ते इथे कोणीच विसरलेलं नाही. पण या बंदीने तसलं काही थांबणार नाही आणि भुर्दंड भलत्याच लोकांना बसणार, हे माझं ठाम मत आहे.

इथला कायदा कसा आहे बघा. गाडीत स्वतःच्या संरक्षणासाठी पिस्तूल ठेवायला परमिट लागत नाही. गाडीतून उतरलात आणि पिस्तूल कमरेला उघड दिसतंय, तेही चालतं. पण तेच पिस्तूल जॅकेटखाली झाकलं गेलं आणि तुमच्याकडे कन्सील्ड परमिट (लपवून बाळगायचा परवाना) नाही, की गुन्हा. म्हणजे परमिट नसलेल्या माणसाला कायद्याने एकच वाट उरते, उघडं बाळगायची, आणि कौन्सिल नेमकी तीच बंद करायला निघालंय.

मग परमिट काढा की, असं कौन्सिलच्या एका मेंबरने सहज म्हणून टाकलं. शेरीफची (काउंटीच्या पोलीस प्रमुखाची) फी, फिंगरप्रिंट आणि बॅकग्राउंड चेकचे पैसे वेगळे, जुलै 2025 पासून आठ तासांचा क्लास, त्यात लेखी परीक्षा आणि रेंजवर नेम धरून दाखवायचा, आणि एवढं करून शेरीफला निर्णयाला नव्वद दिवसांपर्यंत मुदत. मला जमलं कारण माझी ऑफिसातली नोकरी, शनिवार-रविवार मोकळे. आमच्या बिल्डिंगमध्ये एक बाई राहते, रात्रपाळी करते, बसने जाते येते, आधीचा नवरा त्रास देतो म्हणून कोर्टाची प्रोटेक्शन ऑर्डर आहे तिच्याकडे. ती पिस्तूल उघडं लावते. तिचं होल्स्टर मी जवळून पाहिलंय, पिस्तुलाच्या मागे एक छोटं झाकण असतं, अंगठ्याने आधी खाली दाबायचं मग पुढे लोटायचं तेव्हा कुठे पिस्तूल सुटतं, नुसतं ओढून हलतसुद्धा नाही. मागून कोणी हिसकावू नये म्हणून तिने मुद्दाम महागातलं घेतलं. अशा बाईला उद्या पोलीस दंडाची पावती देणार आणि त्याला आम्ही सुरक्षितता म्हणायचं?

तर विचारायचं हे की तीन मिनिटांत कोणता मुद्दा टिकेल? सेकंड अमेंडमेंट (अमेरिकेच्या घटनेतला शस्त्र बाळगण्याचा हक्क) मांडू की व्यवहाराचं बोलू? इथे कोणी कौन्सिलपुढे बोललंय का आधी?

कलम_पोटकलम:

सेकंड अमेंडमेंटवर तीन मिनिटं घालवू नका, सिटी अॅटर्नीने (शहराच्या सरकारी वकिलाने) त्याचं उत्तर आधीच लिहून ठेवलेलं असणार. जून 2022 च्या ब्रुएन निकालात सुप्रीम कोर्टाने घराबाहेर शस्त्र बाळगणं हा हक्क मानला हे खरं, पण त्याच निकालात जुन्या केसेसची चर्चा आहे की उघड किंवा लपवून यातली एक पद्धत बंद केली तरी दुसरी खुली असेल तर कोर्टांनी चालवून घेतलंय. ते म्हणतील कन्सील्ड परमिट खुलं आहे ना, झालं.

त्यापेक्षा कोलोरॅडोची स्वतःची राज्यघटना काढा. 1876 ची, आर्टिकल दोन, कलम 13. घर, जीव आणि मालमत्ता यांच्या रक्षणासाठी शस्त्र बाळगण्याच्या हक्कावर प्रश्न उठवता येणार नाही असं म्हटलंय आणि लगेच पुढे, लपवून शस्त्र बाळगण्याच्या प्रथेला मात्र याचा आधार घेता येणार नाही. नीट वाचा ते. ज्यांनी घटना लिहिली त्यांच्या लेखी उघडं बाळगणारा सरळ माणूस होता आणि संशय होता तो लपवणाऱ्यावर. आज कौन्सिल बरोबर उलटं करतंय. जिंकाल याची खात्री नाही देत, डेन्व्हरची बंदी 2006 मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टात तीन विरुद्ध तीन अशी अडकली आणि त्यामुळे खालच्या कोर्टाचा निकाल कायम राहिला, बंदी टिकली. पण ऐकणाऱ्याला विचार करायला लावणारा मुद्दा आहे.

दुसरं, शहरांना हा अधिकार राज्याच्या कायद्यात आहे, त्यातले शब्द "इमारत किंवा विशिष्ट भाग" असे आहेत आणि तिथल्या प्रवेशाच्या जागी पाटी लावणं बंधनकारक आहे. अख्खं शहर हा विशिष्ट भाग कसा होतो, आणि पाट्या कुठे कुठे लावणार, हे सरळ विचारा. 2021 मध्ये राज्याने शहरांना बंदुकीचे स्वतःचे नियम करायची मुभा वाढवली त्यातच असंही आहे की ज्याला नियम माहीत होता किंवा माहीत असायला हवा होता त्यालाच फौजदारी शिक्षा करता येईल. बाजूच्या गावातून बसने आलेल्या माणसाला तुमच्या गावाची हद्द कुठे लागते ते तरी कळतं का?

आणि त्या बाईंना आजच दोन गोष्टी सांगा. एक, जिवाला तातडीचा धोका असेल तर शेरीफ तात्पुरतं इमर्जन्सी परमिट देऊ शकतो, नव्वद दिवसांचं, त्याला क्लासची अट नाही. प्रोटेक्शन ऑर्डरची प्रत घेऊन जावं. दोन, फेडरल कायद्याने शाळेच्या हजार फुटांच्या आत बंदूक नेता येत नाही, राज्याचं परमिट असलेल्यांना त्यातून सूट आहे, उघडं बाळगणाऱ्या बिनपरमिटवाल्यांना नाही. बसस्टॉपजवळ शाळा आहे का ते बघा आधी.

सायली_एफसी:

मी बंदीच्या बाजूची, तरी लिहिते कारण तुम्हाला हा प्रश्न तिथे नक्की येणार. 2015 च्या हॅलोविनला कोलोरॅडो स्प्रिंग्जमध्ये सकाळी एक माणूस रायफल घेऊन रस्त्यावर होता, एका बाईने पोलिसांना फोन केला, तिला सांगण्यात आलं की कोलोरॅडोत उघडं शस्त्र बाळगायला परवानगी आहे. थोड्या वेळाने त्याने तीन जणांना मारलं. त्या बाईचा दुसरा फोन गोळीबाराचा होता. बंदी असती तर पहिल्याच फोनला गाडी धावली असती. ग्रोसरीच्या रांगेत माझी मुलगी माझा हात घट्ट धरते कारण पुढच्याच्या कमरेला बंदूक आहे, मला त्याचा हेतू कसा कळणार? त्या क्षणी चांगला कोण वाईट कोण हे कपाळावर लिहिलेलं नसतं. तुमच्या शेजारणीबद्दल वाईट वाटतं, मनापासून, पण एकीसाठी सगळ्या शहराने रोज हे सहन करायचं का?

वाटसरू_कोलोरॅडो:

सायलीताई, बरं झालं लिहिलंत. स्प्रिंग्जचं प्रकरण मी टाळणार नाहीये. पण मला सांगा, रायफल घेतलेला माणूस विचित्र वागतोय असा फोन आला तर आजच्या कायद्यातही पोलिसांना तिथे जायला, त्याच्याशी बोलायला कोणी अडवलंय? चूक असेल तर ती फोन हाताळण्यात, परवानगी आहे म्हणून प्रश्न मिटला असं समजण्यात. ते शिकवा ना फोन घेणाऱ्या डिस्पॅचरना, त्याला बजेट द्या, मी स्वतः त्याच्या बाजूने उभा राहून बोलेन. तीन खून करायला निघालेला माणूस सिटीच्या दंडाला भिऊन रायफल घरी ठेवून येत नाही.

आणि दुकानातल्या रांगेचं म्हणाल तर दुकानदाराला आजही नाही म्हणता येतं. वॉलमार्टने एल पासोच्या त्यांच्या दुकानातल्या गोळीबारानंतर सप्टेंबर 2019 मध्ये ग्राहकांना विनंती केली की उघड्या बंदुका आत आणू नका, स्टारबक्सने 2013 मध्येच केली होती. त्याला कौन्सिल लागलं नाही. मालकाने पाटी लावावी, मी ती पाळीन, माझी शेजारीणही पाळते. माझा आक्षेप रस्त्यावर आणि बसस्टॉपवर आहे, जिथे तिला जाण्यावाचून गत्यंतर नाही.

कलमसाहेब, इमर्जन्सी परमिटचं आत्ताच तिला कळवलं, हे मला माहीतच नव्हतं. शाळा दोन ब्लॉकवर आहे, म्हणजे ते परमिट फार कामाचं आहे. पण असं होईल बघा, शेरीफ देऊ शकतो म्हणजे द्यायलाच हवं असं नाही, आणि नव्वद दिवसांनी पुढे काय?

अबोली_५२८०:

मी डेन्व्हरमध्ये, इथे बंदी जुनीच आहे आणि त्याने इथलं गुन्ह्याचं काही वेगळं झालंय असं मला तरी कधी जाणवलं नाही. मला वेगळंच सांगायचंय. आपण दिसतो कसे याचा विचार करा. 2014 मध्ये ओहायोत बीव्हरक्रीकच्या वॉलमार्टमध्ये एक काळा तरुण दुकानातलीच छर्‍याची बंदूक हातात घेऊन फिरत होता, कोणीतरी 911 ला फोन केला, पोलिसांनी आल्या आल्या त्याला गोळी घातली, तो गेला. ओहायो ओपन कॅरी राज्य आहे. म्हणजे कायद्याने मुभा असून काळ्या माणसाला ती मिळालीच नाही. आता तुम्ही पोलिसांच्या हातात आणखी एक गुन्हा दिलात, नुसतं दिसलं म्हणून थांबवायचा, तर आधी कोणाला थांबवणार? गोऱ्या म्हाताऱ्या शिकाऱ्याला नक्कीच नाही. जोराचा वारा येतो, जॅकेट उडतं, परमिटवाल्याचं पिस्तूल क्षणभर दिसतं, त्यालाही थांबवता येईल, तुमच्या ऑर्डिनन्समध्ये हे वगळलंय का ते तपासा. नसेल तर हा मुद्दा घ्याच घ्या, परमिटवाले कौन्सिल मेंबरही असतील त्यात.

एच-वन वर असलेल्यांनी हा धागा वाचून काही करायला जाऊ नका हं, नॉनइमिग्रंट व्हिसावर बंदूक जवळ ठेवणंच फेडरल गुन्हा आहे, शिकारीचं लायसन्स वगैरे थोडे अपवाद सोडून. ग्रीन कार्डवाल्यांचं वेगळं.

जुना_बे_एरियावाला:

अबोली म्हणतेय त्याची मुळं आमच्या कॅलिफोर्नियात आहेत. ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर या काळ्यांच्या संघटनेचे लोक भरलेल्या बंदुका उघड घेऊन पोलिसांच्या मागे फिरायचे, पोलीस काळ्या माणसाला अडवतात तेव्हा लांब उभं राहून बघायचे, सगळं कायद्यात बसवून. ते बंद करायला मल्फर्ड बिल आणलं. 2 मे 1967 ला हे लोक बंदुका घेऊन सॅक्रामेंटोच्या विधानभवनात गेले, देशभर बातमी झाली आणि बिल भराभर पुढे सरकलं, त्याच वर्षी गव्हर्नर रेगनने सही केली. भरलेली बंदूक उघड घेऊन फिरणं बंद झालं. त्याआधी कितीतरी वर्षं गोरे लोक उघड बंदुका बाळगत होते, कोणाला काही वाटलं नव्हतं. इथे पुढे 2012 पर्यंत रिकामं पिस्तूल उघडं बाळगणंही गेलं. हा इतिहास कौन्सिलसमोर सांगा, बंदीच्या बाजूचे मेंबर बहुतेक डेमोक्रॅट असतील आणि त्यांना मल्फर्डचं मूळ ऐकून बरं वाटणार नाही, आणि नाहीच वाटलं पाहिजे.

आणि सगळं एकाच दिशेला चाललंय असंही नाही. फ्लोरिडात 1987 पासून बंदी होती, सप्टेंबर 2025 मध्ये तिथल्या अपील कोर्टाने ती घटनाबाह्य ठरवली.

सायली_एफसी:

पँथरांचं मला माहीत नव्हतं, वाचेन. माझं मत अजून तेच आहे, मुलांच्या जागी तरी नको. पार्क, लायब्ररी, रेक सेंटर (खेळ-व्यायामाचं केंद्र). तेवढ्यालाही तुमचा विरोध आहे का?

वाटसरू_कोलोरॅडो:

खरं सांगतो, रेक सेंटर आणि लायब्ररीला माझा विरोध नाही. मतदान केंद्राच्या शंभर फुटांत उघडी बंदूक राज्याने 2022 मध्येच बंद केली, त्यालाही मी कधी विरोध केला नाही. एक दार आहे, दारावर पाटी आहे, आत जायचं की नाही हे मला ठरवता येतं. पार्कचं मात्र अवघड आहे, आमच्याकडे पार्कमधूनच ट्रेलला वाट जाते आणि डोंगरातून उतरणारा माणूस कमरेचं पिस्तूल काढून ठेवणार कुठे.

कलम_पोटकलम:

झालं की मग, हेच मागा. नुसता विरोध नोंदवू नका, दुरुस्ती सुचवा. सिटीच्या इमारती ठेवा, रस्ते, फुटपाथ, बसस्टॉप आणि ट्रेलहेड (ट्रेल सुरू होते ती जागा) वगळा, परमिटवाल्याचं चुकून दिसलं तर गुन्हा नाही असं एक वाक्य घाला, आणि पहिल्या वेळी फक्त ताकीद. सोबत विचारा की धमकावण्यासाठी बंदूक दाखवली तर आजच फेलनी (गंभीर गुन्हा) आहे, लोक घाबरावेत अशा रीतीने सार्वजनिक जागी काढली तर तोही गुन्हा आहे, मग जो कोणाला धमकावत नाही, कोणाला घाबरवत नाही, तोच एकटा या नव्या ऑर्डिनन्समध्ये सापडतो ना? एवढ्या एका प्रश्नावर थांबा आणि उत्तर मागा.

भाषणाच्या आधी दुरुस्तीची लेखी प्रत सिटी क्लार्ककडे द्या, प्रत्येक मेंबरसाठी वेगळी, आणि त्यावर तुमच्या वॉर्डचा पत्ता घाला. गावातल्याच माणसाचं आहे म्हटल्यावर वाचतात. शेजारीण यायला तयार असेल तर तिने नाव-पत्ता जाहीर बोलू नये, त्या माणसाला कळायला नको, लेखी निवेदन दिलं तरी ते पब्लिक रेकॉर्ड होतं हे लक्षात ठेवा. तिच्या वतीने तुम्हीच बोला, रात्रपाळी आणि बस एवढंच सांगून.