रोध की प्रतिरोध? शक्ती की ऊर्जा?

टिपणवही: मुलांसाठी विजेच्या गणितांची टिपणं मराठीत लिहायला घेतली आहेत. व्होल्टेज आणि करंट दिले की रेझिस्टन्स व पॉवर काढायची, विषय एवढाच. पण शब्दांवरच अडलोय. रेझिस्टन्सला कुणी रोध म्हणतं, कुणी प्रतिरोध, कुणी अवरोध. पॉवरला शक्ती म्हणावं, तर बोलताना आपण ताकद, जोर, ऊर्जा या सगळ्यालाच शक्ती म्हणून मोकळे होतो. काय वापरावं?

शुद्धाशुद्ध: रोध. प्रतिरोध हिंदीत रूढ आहे, तिथे तो शोभतो. आपल्याकडे रोध घेतला की रोधक (रेझिस्टर), रोधकता (रेझिस्टिव्हिटी), संरोध (इम्पिडन्स) असं सगळं गोत्र आपोआप जमतं. मात्र रोध हा गुण आहे आणि रोधक ही वस्तू. ‘सर्किटमध्ये 6 ओहमचा रोध बसवला’ असं छापलेलं दिसतं, तिथे रोधक हवा.

शक्तीचं म्हणाल तर शास्त्रात बल, ऊर्जा आणि शक्ती या तीन वेगळ्या राशी आहेत. दर सेकंदाला किती ऊर्जा खर्च होते, ती शक्ती. अश्वशक्ती या शब्दात ती अगदी बरोबर बसली आहे, तेव्हा बिनधास्त वापरा.

जुना वायरमन: शब्द कुठलाही घ्या, त्याला लागणारा प्रत्यय आधी नीट करा. धारा, म्हणजे करंट, तारे*तून* जाते. व्होल्टेज दोन टोकां*दरम्यान* असतं. रोध त्या वस्तू*चा* असतो. ‘तारेतून 230 व्होल्ट वाहतात’ हे वाक्य जिथे दिसेल तिथे खोडा. व्होल्टेज वाहत नाही, वाहते ती धारा.

हा नुसता व्याकरणाचा काथ्याकूट नाही. मीटर कसा जोडायचा ते प्रत्ययच सांगतो. ‘तून’ आहे म्हणून अँपिअरमीटर वाटेतच, म्हणजे एकसर जोडायचा; ‘दरम्यान’ आहे म्हणून व्होल्टमीटर दोन टोकांना समांतर. उलटं केलंत तर अँपिअरमीटरचा फ्यूज जाईल, नाहीतर मीटरच.

शुद्धाशुद्ध: म्हणूनच व्होल्टेजसाठी मला विभवांतर हा शब्द आवडतो. त्यातलं ‘अंतर’च सांगतं की बिंदू दोन लागतात. ‘या बिंदूचं विभवांतर’ असं म्हणताच येत नाही. त्यासाठी वापरतात तो दाब हा शब्द आटोपशीर आहे खरा, पण दोन टोकांची आठवण तो करून देत नाही.

टिपणवही: छान. मग सूत्र असं लिहितो: रोध म्हणजे विभवांतर भागिले धारा, आणि हाच ओहमचा नियम. 12 व्होल्ट आणि 2 अँपिअर असतील तर रोध 6 ओहम. शक्ती म्हणजे विभवांतर गुणिले धारा, 24 वॅट.

प्रयोगवही: आकडे बरोबर, ‘हाच ओहमचा नियम’ हे मात्र काढा. भागाकार ही रोधाची व्याख्या झाली. ओहमने 1827 साली मांडलेला नियम त्याच्या पुढचं सांगतो: तापमान आणि इतर भौतिक अवस्था तीच राहिली, तर विभवांतर कितीही बदला, तो भागाकार बदलत नाही. धातूची तार हे पाळते, एलईडी पाळत नाही. एलईडीसाठीही भागाकार करता येतो, पण प्रत्येक व्होल्टेजला उत्तर वेगळं येतं.

तापमानाची अट का, ते तारेच्या जुन्या दिव्यात दिसतं. 230 व्होल्टवर 60 वॅटचा दिवा साधारण 0.26 अँपिअर घेतो, म्हणजे रोध जवळपास 880 ओहम. तोच दिवा थंड असताना मल्टिमीटर लावा, याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी दाखवेल. दोन्ही उत्तरं खरी, कारण दिव्यातल्या तारेचं टंगस्टन तापलं की त्याचा रोध वाढतो. तेव्हा टिपणात ‘दिव्याचा रोध’ एवढंच नको, ‘पेटलेल्या दिव्याचा’ असं लिहा.

कोरी पाटी: मध्येच विचारतो. एका ठिकाणी वाचलं की रोध वाढला की शक्ती वाढते, दुसरीकडे नेमकं उलटं. खरं काय?

जुना वायरमन: दोन्ही. ‘काय कायम ठेवून’ हे शब्द गाळल्यामुळे हा घोळ होतो. 10 आणि 20 ओहमचे दोन रोधक एकसर जोडून 2 अँपिअर धारा सोडा. धारेचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे पहिल्यात 40 वॅट, दुसऱ्यात 80. आता तेच दोन्ही 20 व्होल्टला समांतर जोडा. विभवांतराचा वर्ग भागिले रोध, पहिल्यात तेच 40, दुसऱ्यात 20. धारा समान असेल तर मोठा रोधक जास्त तापतो, विभवांतर समान असेल तर लहान. विभवांतर गुणिले धारा हे मूळ सूत्र आहे, ही दोन त्यातूनच निघाली. मी तर मूळ एकच पाठ करतो.

प्रयोगवही: एक पुरवणी. मोटरला ही वर्गाची सूत्रं लावू नका. तिथे सगळी वीज उष्णता होत नाही, बरीचशी फिरण्यात जाते. पुरवठा एसी, म्हणजे दिशा सतत बदलणाऱ्या धारेचा असेल, तर नुसता गुणाकारही पुरत नाही, पॉवर फॅक्टरनेही (0 ते 1 मधला एक आकडा; हीटर, तारेचा दिवा यांच्यासाठी तो जवळपास 1) गुणावं लागतं.

टिपणवही: आता शेवटचं. विजेचं युनिट म्हणजे ‘किलोवॅट प्रति तास’ ना?

शुद्धाशुद्ध: नाही! ‘प्रति’ म्हणजे भागाकार, इथे गुणाकार आहे. किलोवॅट-तास लिहा, मध्ये जोडरेघ. 1 किलोवॅट-तास म्हणजे 36 लाख ज्यूल, आणि ही ऊर्जा झाली, शक्ती नव्हे. 230 व्होल्टवर 10 अँपिअर घेणाऱ्या हीटरची शक्ती 2.3 किलोवॅट, तो अर्धा तास चालला तर 1.15 युनिट. ‘हीटर तासाला 2.3 किलोवॅट खातो’ यातलं ‘तासाला’ही काढा. वॅटमध्ये ‘दर सेकंदाला’ आधीच आहे.