मदत हवी आहे: एकाच प्लेटवर हिरवं आणि निळं

मंडळी, फोंड्यात एका छोट्या लॅबमध्ये काम करते. योनिस्रावाचा स्वॅब क्रोमोजेनिक अगारवर (यावर वेगवेगळ्या जातींच्या यीस्टला वेगवेगळा रंग येतो) लावून ३७ अंशांवर ठेवला. २४ तासांनी सगळ्या कॉलन्या फिकट हिरवट, म्हणून कॅन्डिडा अल्बिकन्स (नेहमी आढळणारी यीस्ट) धरून चालले. ४८ तासांनी बघते तर त्यातल्या चार-पाच चक्क निळ्या, भोवती जांभळट वलय! ही कॅन्डिडा ट्रॉपिकॅलिस (त्याच गटातली दुसरी जात), म्हणजे मिश्र संसर्ग, की आणखी काही? प्लेट वापरण्याआधी दिवसभर खिडकीपाशी उजेडात राहिली होती (पावसात लाइट गेली, त्या गडबडीत माझंच विसरणं), त्याने रंग फसवतो का? हिरवीला सीरममध्ये दोन तासांत जर्म ट्यूब (पेशीतून फुटणारी नळी, अल्बिकन्सची खूण) आली, निळीला नाही. दोन्ही वेगळ्या करून पुन्हा लावल्यात. तोवर किमान ‘कॅन्डिडा, मिश्र वाढ’ असा तात्पुरता रिपोर्ट देऊ का? डॉक्टरांचे सकाळपासून दोन फोन आलेत.