मदत हवी आहे: आडनावातल्या ' च्या जागी &#०३९; येतंय (तातडीचं)

खाडीकाठ
मंडळी, वसईतल्या एका वाचनालयाची सभासद नोंदणी मी सांभाळतो. आमच्याकडे डी'मेलो, डी'सोझा, डी'कुन्हा अशी आडनावं भरपूर. सभासदाची माहिती दुरुस्त करायला फॉर्म उघडला की आडनावाच्या चौकटीत डी&#०३९;मेलो दिसतं. जतन करून परत उघडलं की मधे अजून काहीतरी घुसलेलं असतं. पूर्ण फॉर्म हेल्परने (टॅग आपोआप लिहून देणाऱ्या फंक्शनने) बनवलाय, हाताने एक टॅग लिहिलेला नाही. रविवारी नवीन ओळखपत्रं छापायची आहेत, लोक आपलं नाव असं बघून चिडतील आणि त्यांचं बरोबरच आहे. काय करू?

पुणेरी_कीबोर्ड
कुठला हेल्पर? रेल्स, लाराव्हेल, कोडइग्नायटर, सगळ्या वेब फ्रेमवर्कमध्ये फॉर्म हेल्पर आहेत. व्हर्जन कोणतं? आडनावाची ती एक ओळ इथे टाका. आणि "अजून काहीतरी" म्हणजे नेमकं काय, ते जसंच्या तसं लिहा.

रानवारा
डेटाबेसचं एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ८एमबी४ करा, लगेच सुटेल. आमच्या पतपेढीच्या साइटवर सगळी मराठी नावं प्रश्नचिन्हं होऊन बसली होती. टेबल बदललं आणि प्रश्न मिटला. मराठी साइटसाठी एमबी४ लागतंच.

अबोली
रानवारा, प्रश्नचिन्हं येणं हा वेगळा आजार. तुमचं टेबल बहुधा लॅटिन१ मध्ये असणार, त्यात देवनागरी बसतच नाही. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं असतं, ते मायएसक्यूएलच्या जुन्या यूटीएफ८ मध्येही नीट बसतं. चौथा बाइट इमोजीला लागतो. एमबी४ वापरावंच, पण इथे नाव पुसलं गेलेलं नाही, एस्केप झालंय, म्हणजे ' च्या जागी त्याचा एचटीएमएल कोड आलाय. एन्कोडिंगला हात लावायची गरज नाही.

रानवारा
मी अनुभवाने सांगतोय. आमच्याकडे त्यानेच सुटलं.

मधुकर७१
हेल्परच काढून टाका. इनपुटचा टॅग हाताने लिहायला किती वेळ लागतो? पीएचपीने एचटीएमएल बनवायचं, मग ते सोर्समध्ये जाऊन शोधायचं, हा उलटा कारभार आहे. मी आजही सगळे फॉर्म हातानेच लिहितो आणि डिझायनरलाही ते वाचता येतात.

अबोली
मधुकरराव, डिझायनरचा मुद्दा मान्य. पण याच आडनावाचं उदाहरण घ्या. व्हॅल्यूला एकेरी अवतरणचिन्हं लावून एस्केप न करता डी'मेलो छापलं, तर ब्राउझरच्या मते किंमत "डी" वरच संपते. चौकटीत फक्त डी दिसतो, आणि कुणी तसंच जतन केलं की अर्धं आडनाव कायमचं गेलं. हेल्पर ते एस्केपिंग न विसरता करतो. शिवाय कोडइग्नायटरमध्ये सीएसआरएफ संरक्षण (दुसऱ्या साइटवरून कुणी गुपचूप फॉर्म पाठवू नये म्हणून असतं ते) चालू असेल तर फॉर्म_ओपन() त्याचं लपवलेलं टोकन आपोआप घालतो. हाताने लिहिलेल्या फॉर्ममध्ये ते राहून गेलं की सबमिट केल्यावर सरळ ४०३, म्हणजे परवानगी नाही.

मधुकर७१
टोकनची एक ओळ मी स्वतः लिहितो, राहत नाही. एस्केपसाठी पीएचपीचं एचटीएमएलस्पेशलकॅर्स फंक्शन आहेच. कुठे काय एस्केप होतंय हे मला डोळ्यांनी दिसतं. यांना ते दिसत नाहीये, म्हणून तर हा धागा निघाला.

नवी_पालवी
आता हे सगळं रिॲक्टमध्ये (जावास्क्रिप्टच्या लायब्ररीत) करतात, तिथे एस्केपिंग आपोआप होतं. फॉर्मसाठी चांगल्या लायब्ररीही आहेत.

खाडीकाठ
रविवारच्या आत रिॲक्ट होणार नाही हो.
कोडइग्नायटर आहे. ओळ अशी (नावं मराठीत लिहितोय): फॉर्म_इनपुट('आडनाव', सेट_व्हॅल्यू('आडनाव', $सभासद->आडनाव))
पहिल्यांदा उघडल्यावर डी&#०३९;मेलो. जतन करून परत उघडलं की डी&एएमपी;#०३९;मेलो. पुढच्या वेळी आणखी एक एएमपी. जुन्या सर्व्हरवर हेच बिनबोभाट चालत होतं.

संगणकस्नेही
सोपं आहे. जतन करण्याआधी एचटीएमएल_एंटिटी_डीकोड() मधून काढा, ते एस्केप झालेलं उलगडतं. मी सगळीकडे हेच करतो.

खाडीकाठ
ते आधीच करून पाहिलं. एएमपी गेलं, पण &#०३९; तसंच.

पुणेरी_कीबोर्ड
"जुन्या सर्व्हरवर" म्हणजे मधे काय बदललं? हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. पीएचपी कोणतं, कोडइग्नायटर २ की ३?

खाडीकाठ
आधी २ होतं. नव्या सर्व्हरवर पीएचपी ७.४ आहे, तिथे जुना मायएसक्यूएल ड्रायव्हर चालेना म्हणून ३ टाकलं. फॉर्मच्या फाइलींना हात लावलेला नाही.

पुणेरी_कीबोर्ड
मग उत्तर इथेच आहे. सेट_व्हॅल्यू() किंमत एस्केप करून देतो आणि फॉर्म_इनपुट() ती पुन्हा एस्केप करतो. २ मध्येही दोघं एस्केप करायचे, पण आतलं फॉर्म_प्रेप() कोणत्या नावाची फील्ड आधीच एस्केप झाली याची नोंद ठेवायचं आणि दुसऱ्यांदा हात लावायचं नाही. ३ मध्ये ती नोंद काढून टाकली. त्यामुळे ' चं आधी &#०३९; होतं, मग त्यातल्या & चं पुन्हा एस्केपिंग होऊन &एएमपी; होतं, आणि ब्राउझर एकच थर उलगडून तुम्हाला &#०३९; दाखवतो. तुम्ही जतन करता तेव्हा तीच अक्षरं डेटाबेसमध्ये जातात, म्हणून दर वेळी एक एएमपी वाढतं.
सेट_व्हॅल्यूला तिसरा पॅरामीटर द्या: सेट_व्हॅल्यू('आडनाव', $सभासद->आडनाव, फॉल्स). एस्केपिंग मग फक्त फॉर्म_इनपुट करेल. मात्र जिथे इनपुट टॅग हाताने लिहून आत सेट_व्हॅल्यू छापलाय तिथे फॉल्स देऊ नका, तिथे तो एकच पहारेकरी आहे.

अबोली
हेच. आणि संगणकस्नेही, डीकोड पूर्ण का झालं नाही तेही सांगते. पीएचपी ८.१ च्या आधी त्या फंक्शनची मूळ सेटिंग एकेरी अवतरणचिन्ह उलगडतच नाही, त्यासाठी ईएनटी_कोट्स हा पर्याय स्वतः द्यावा लागतो. पण जतन करताना ते लावूच नका. उद्या कुणी शेऱ्यात खरंच &एएमपी; लिहिलं तर तेही बदलून जाईल. डेटाबेसमध्ये माणसाने टाइप केलेलंच जावं, एस्केपिंग फक्त छापताना.

संगणकस्नेही
वाचनालयाच्या फॉर्ममध्ये कोण &एएमपी; लिहिणार? माझं वर्षानुवर्षं चाललंय. पण ईएनटी_कोट्सचं माहीत नव्हतं, ते बरं झालं.

खाडीकाठ
फॉल्स दिलं, नवीन नोंद बरोबर येतेय! मनापासून आभार. आता जी आडनावं आधीच बिघडून बसलीत त्यांचं काय? आणि पत्त्याच्या टेक्स्टएरियालाही हेच करायचं का?

पुणेरी_कीबोर्ड
फॉर्म_टेक्स्टएरियाही एस्केप करतो, तिथेही फॉल्स. जुन्या नोंदींसाठी आधी टेबलचा बॅकअप घ्या. मग ज्या नोंदींत &#०३९; किंवा &एएमपी; आहे तेवढ्याच काढा आणि छोट्या स्क्रिप्टने ईएनटी_कोट्स देऊन डीकोड करत राहा, किंमत बदलायची थांबेपर्यंत. काहींत एक थर असेल, काहींत तीन, त्यामुळे एका फेरीत भागणार नाही. छापायच्या आधी यादी डोळ्यांखालून घाला.

अबोली
एक गोष्ट राहिली. फॉर्म_ड्रॉपडाउन() बघून घ्या. ३ मध्ये तो पर्यायाची व्हॅल्यू एस्केप करतो, पण दिसणारं लेबल जसंच्या तसं छापतो. शिफारस करणाऱ्या सभासदाचं नाव यादीतून निवडायची सोय असेल, तर ती नावं लोकांनीच भरलेली आहेत. ती स्वतः एचटीएमएल_एस्केप() मधून काढून द्या, नाहीतर कुणी नावात स्क्रिप्टचा टॅग भरला तर तो चालेल.

खाडीकाठ
आहे तशी यादी. आज रात्रीच बदलतो.

मधुकर७१
म्हणजे कुठला हेल्पर काय एस्केप करतो हे पाठच करायचं. मी माझ्या मतावर ठाम आहे.