कर्ज घेतलेलंच नाही, तरी वसुलीचे धमकीचे फोन. आई गावी एकटी आहे, नेमकं काय करावं?

पारोळा_सुरत

नमस्कार मंडळी. मी कामाला सुरतला उधन्यात, आई पारोळा तालुक्यात गावी एकटी. आठ दिवसांपासून आम्हा दोघांना मिळून रोज २०-२५ फोन येतात. हिंदीत बोलतात, म्हणतात १४,८०० चं लोन थकलंय. काल व्हॉट्सॲपवर अशोकस्तंभ छापलेली 'लोक अदालत नोटीस' आली. आज ४,९९९ भरले तर केस बंद, नाहीतर पोलीस घरी येतील आणि चौकात फोटो लागेल. माझं पूर्ण नाव, पॅन नंबर, जुना पत्ता सगळं बरोबर सांगतात. मी कुठलंही कर्ज घेतलेलं नाही. गावच्या विका (विविध कार्यकारी) सोसायटीच्या सेक्रेटरींनाही फोन गेला. नंबर रोज नवा, त्यामुळे ब्लॉक करून भागत नाही. आई म्हणते भरून टाक. सिम बदलू का?

तापीकाठ

भाऊ, एक रुपयाही भरू नका आणि सिमही बदलू नका.

भरलेले पैसे म्हणजे त्यांच्या दृष्टीने 'इथून पैसे निघतात' ही खूण. ४,९९९ झाले की 'एनओसी चार्ज', मग 'जीएसटी', मग दुसऱ्या नावाने दुसरी थकबाकी. सिम बदललं तर बँक, आधार, पीएम किसान सगळ्यांचे ओटीपी अडकतील, आणि त्रास देणाऱ्यांकडे आईचा नंबर आहेच.

नाव, पॅन, पत्ता माहीत आहे म्हणून त्यांच्याकडे कर्जाचे कागद आहेत असं समजू नका. ही माहिती झेरॉक्सच्या दुकानातून, जुन्या सिमच्या फॉर्मातून, कुठल्यातरी ॲपमधून सहज बाहेर पडते.

कर्ज खरंच तुमच्या नावावर आहे का, हे आजच बघा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या चार संस्था आहेत. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. चारही काढा, कारण एकीत नसलेली नोंद दुसरीत सापडते. अहवालात खात्यांच्या यादीखाली 'एन्क्वायरी' असते, तीही वाचा. तुमच्या नावाने कोणी कर्ज मागितलं होतं का, ते तिथे कळतं. बेकायदा ॲपचं कर्ज मात्र या अहवालात दिसेलच असं नाही. पतसंस्थेचंही तसंच.

पुढचा फोन आला की तीनच प्रश्न: कर्ज देणाऱ्या बँकेचं किंवा कंपनीचं नाव, कर्ज खातं क्रमांक, आणि एजंट असल्याचं अधिकारपत्र. 'हे सगळं लेखी पाठवा' म्हणा आणि ठेवून द्या. वाद घालू नका, शिव्याही देऊ नका, कारण तीच रेकॉर्डिंग कापून नातेवाइकांना पाठवतात. 'खात्री करायला' म्हणून आधारचा फोटो, सेल्फी किंवा ओटीपी मागितला तर अजिबात देऊ नका. आज नसलेलं कर्ज उद्या त्यातूनच उभं राहतं.

विधी_अमळनेर

नोटिशीबद्दल आधी, कारण घरचे तिलाच घाबरतात.

लोक अदालत ही दोन्ही पक्षांच्या संमतीने तडजोड करण्याची जागा आहे. ती अटक वॉरंट काढत नाही. बँका दाखलपूर्व प्रकरणांच्या खऱ्या नोटिसा पाठवतात हे खरं, पण त्यात विधी सेवा प्राधिकरणाचं किंवा तालुका समितीचं नाव, तारीख, ठिकाण आणि बँकेचं नाव असतं. यूपीआय आयडी किंवा क्यूआर कोड नसतो. शंका असेल तर नोटिशीची प्रिंट घेऊन तालुका विधी सेवा समितीत दाखवा, किंवा विधी सेवेच्या १५१०० या हेल्पलाइनवर विचारा. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने शोधताही येतं. दाखल झालेल्या प्रत्येक खटल्याला १६ अक्षरी सीएनआर क्रमांक असतो. 'केस नंबर' सांगणाऱ्याला तो मागा.

नुसतं कर्ज थकणं हा दिवाणी मामला, त्यासाठी पोलीस उचलून नेत नाहीत. चेक न वटल्याचा खटला फौजदारी असतो, पण तिथेही आधी लेखी नोटीस आणि मग न्यायालयाचं समन्स येतं.

आता पुरावा. ब्लॉक करण्याआधी प्रत्येक नंबर, तारीख, वेळ वहीत लिहा. स्क्रीनशॉट नंबरासकट घ्या. व्हॉट्सॲपवर नुसत्या नावाचा घेतला तर निरुपयोगी, प्रोफाइल उघडून नंबर दिसू द्या. कॉल रेकॉर्ड करा आणि मूळ फाइल मूळ फोनमध्येच राहू द्या. कापलेली, फॉरवर्ड केलेली क्लिप न्यायालयात कमकुवत ठरते. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश किंमत (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा सांकेतिक ठसा) भरावी लागते. पैसे मागितलेला यूपीआय आयडी सगळ्यात मोलाचा, कारण नंबर फेकून देता येतो पण पैसा उतरायला बँक खातं लागतंच.

राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि पोचक्रमांक जपून ठेवा. पैसे गेले असतील तर पोर्टल उघडत बसू नका, लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा आणि व्यवहाराचा १२ अंकी यूटीआर (व्यवहार क्रमांक) हाताशी ठेवा. फोन आणि मेसेज आलेले नंबर दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावरच्या 'चक्षू' या तक्रार सोयीतही टाका. त्याने गुन्हा दाखल होत नाही, नंबर विभागाच्या तपासणीत जातो. म्हणून दोन्ही करायचं.

लेखी अर्जात भारतीय न्याय संहितेची कलमं लिहा: ३०८ खंडणी, ३५१ धमकी (नाव लपवून दिलेली असेल तर ३५१(४)), ३१९ तोतयेगिरी, पोलीस असल्याची बतावणी केली असेल तर २०४. सोबत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ड. 'आमच्या हद्दीत नाही' असं उत्तर मिळालं तर झिरो एफआयआर (हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवायची फिर्याद) मागा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मुळे हद्दीचं कारण चालत नाही, सुरतलाही देता येते. तरीही नोंदवली नाही तर पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने अर्ज पाठवा.

केळीबाग_रावेर

दादा, आईचं बघा आधी. फोनवरचा माणूस हिंदीत भराभर बोलतो, तिला निम्मं कळतं, आणि उरलेलं भीती भरून काढते. तिला एकच वाक्य पाठ करून द्या, आपल्या अहिराणीत: 'कागद धाडा, फोनवर मी काहीच सांगाव नही.' एवढं बोलून बंद.

तिच्या फोनमध्ये अनोळखी नंबर आपोआप गप्प करायची सोय चालू करा. व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसीतही ती आहे. बँकेचा, दवाखान्याचा, शेजारच्यांचा नंबर आधी सेव्ह करा, नाहीतर तेही गप्प होतील.

गावात लाजेने दडवू नका. त्यांची सगळी ताकद त्या लाजेवरच आहे. सेक्रेटरी, पोलीस पाटील, सरपंच आणि भावकीच्या ग्रुपवर चार ओळी टाका: 'माझ्या नावाने खोट्या वसुलीचे फोन येत आहेत, सायबर तक्रार केली आहे, पोचक्रमांक अमुक. कोणी पैसे देऊ नका, माहिती देऊ नका.' असं आधीच कळलेलं असलं की फोटोची धमकी बोथट होते. मॉर्फ केलेला अश्लील फोटो आला तर डिलीट न करता तक्रारीत जोडा. आयटी कायद्याचं ६७ लागतं.

पारोळा_सुरत

सगळ्यांचे आभार. तीन अहवालांत काही नाही. चौथ्यात मार्च महिन्यात एका फायनान्स कंपनीचं १२,००० चं कर्ज दिसतंय. मी घेतलेलं नाही! म्हणजे फोन खरे?

तापीकाठ

फोन तरीही खोटेच असू शकतात. दोन गोष्टी वेगळ्या ठेवा: तुमच्या कागदांवर दुसऱ्याने काढलेलं कर्ज, आणि ते वसूल करायला निघालेला हा माणूस.

कर्जाबद्दल अहवाल देणाऱ्या संस्थेकडे ऑनलाइन 'डिस्प्यूट' टाका. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर २६ एप्रिल २०२४ पासूनच्या नियमाने दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. त्याच दिवशी फायनान्स कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. मागायचं काय? अर्जाची प्रत, केवायसीचे फोटो, ई-साइनची नोंद आणि मुख्य म्हणजे रक्कम कोणत्या खात्यात जमा झाली ते. डिजिटल कर्ज थेट कर्जदाराच्याच खात्यात जमा करायचं असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. खातं तुमचं नसेल तर तुमची बाजू तिथेच भक्कम होते. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटणारं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार, चौकशीला १४४४८.

आधारचं बायोमेट्रिक लॉक करा, आधारच्या संकेतस्थळावर मागच्या सहा महिन्यांचा वापर तपासा. संचार साथीवर तुमच्या नावाने किती सिम आहेत तेही बघा. अनोळखी सिम निघालं तर हे कर्ज बहुधा त्याच नंबरवर काढलेलं असेल.

विधी_अमळनेर

एक भर, ज्यांचं कर्ज खरोखर आहे त्यांच्यासाठी. बँक-फायनान्सच्या एजंटाला सकाळी ८ आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. बायांच्या गटाच्या मायक्रोफायनान्सला ९ ते ६. नातेवाइकांना छळायची परवानगी कुणालाच नाही, आणि अर्जात संदर्भ म्हणून नाव दिलेला माणूस जामीनदार होत नाही. हप्ता फक्त कर्ज खात्यात किंवा शाखेत, एजंटाच्या खासगी यूपीआयवर कधीही नाही. पतसंस्थेची सक्तीची वसुली महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ च्या वसुली दाखल्यावर चालते, त्याआधी निबंधकांकडून सुनावणीची लेखी नोटीस येते.

पारोळा_सुरत, त्या ४,९९९ च्या मेसेजमधला यूपीआय आयडी आधी तक्रारीत टाका. मेसेज 'सगळ्यांसाठी डिलीट' होण्याआधी स्क्रीनशॉट घेतलाय ना?

पारोळा_सुरत

घेतला, नंबरासकट. आता ईमेल लिहितोय, संध्याकाळी पोर्टलवर बसतो.