शब्दचर्चा : ‘सिंटॅक्टिक शुगर’ला मराठीत काय म्हणावं?

मूळ प्रश्न
प्रोग्रॅमिंगवरचा एक मराठी लेख तपासतोय. एकच गोष्ट लिहायच्या ज्या ‘ऐच्छिक’ आखूड रीती भाषेत असतात, त्यांवर निर्बंध असावेत का, असा विषय. लेखकाने या रीतींसाठी, म्हणजे ‘सिंटॅक्टिक शुगर’साठी, ‘साखरपेरणी’ वापरलंय. मला खटकतंय. पण ‘शर्करावगुंठित रचना’ लिहायचीही हिंमत होत नाही. काय वापरावं?

प्रतिसाद १
साखरपेरणी नकोच. ती माणूस काम साधण्यासाठी करतो. त्यात लबाडीचा वास आहे. संगणकशास्त्रज्ञ पीटर लँडिन यांनी १९६४ साली हा शब्दप्रयोग केला तेव्हा तसं काही मनात नव्हतं. गाभा तोच, वरून लिहायला गोड, एवढंच. सरळ ‘लघुरूप’ म्हणा.

प्रतिसाद २
लघुरूप ठीक, पण सगळीच साखर आखूड नसते. आणि ‘साखर’ म्हटलं की वाद सुरू व्हायच्या आधीच मिटतो. गोडव्यावर कोण बंदी घालणार?

मला यात समास दिसतो. समासाचा विग्रह करता येतो, तसा कंपायलर (प्रोग्रॅमचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा) या रचनांचा करतो. सी भाषेत क[५] चा विग्रह *(क + ५), म्हणजे क च्या जागेपासून पाच घरं पुढे जे आहे ते. बेरीज उलटी केली तरी तीच, म्हणून ५[क] सुद्धा चालतं! (कुणी खरंच लिहू नका.) साखर उतरवून मूळ रचना काढण्याला, म्हणजे ‘डीशुगरिंग’ला, ‘विग्रह’ हा शब्द तर तयारच आहे.

आता निर्बंधाचं. विग्रह एकच होत असेल तर लघुरूप बिनधास्त वापरावं. पंचाईत ‘पीतांबर’सारख्यांची : कर्मधारय धरला तर पिवळं वस्त्र, बहुव्रीही धरला तर विष्णू. क++ एकटं असलं तर क एकने वाढतो, संपलं. पण ख = क++ आणि ख = ++क यांत ख ची किंमत वेगळी : पहिल्यात क ची जुनी, दुसऱ्यात वाढलेली. आणि सीमध्ये क = क++ लिहिलंत तर काय व्हावं हे भाषेचं प्रमाणही सांगत नाही. गो भाषेने नेमकी हीच फट बुजवली : क++ स्वतंत्र विधान म्हणून चालतं, दुसऱ्या हिशोबाच्या पोटात नाही. स्विफ्ट भाषेने २०१६ साली तिसऱ्या आवृत्तीत ते काढूनच टाकलं. मला गोचा मार्ग जास्त पटतो.

प्रतिसाद ३
समास सगळीकडे लागू नाही. एकच विधान असेल तर ‘इफ’चे (अटीच्या रचनेचे) महिरपी कंस गाळता येतात, त्याला मी ‘अध्याहृत’ म्हणेन. लिहिलेले नाहीत, पण आहेत असं धरायचं. घोटाळा कुठे? माणूस ओळ किती आत सरकवलीय ते बघून धरतो, कंपायलर कंस नसलेल्या ‘इफ’चं फक्त पहिलं विधान धरतो. २०१४ साली ॲपलच्या कोडमध्ये ‘गोटू फेल’ (‘थेट फेल या जागी उडी मार’) ही ओळ चुकून दोनदा पडलेली उघडकीला आली. दुसरी ओळ आत सरकवलेली, म्हणून दिसायला ‘इफ’मधली, प्रत्यक्षात बाहेर, दरवेळी चालणारी. सर्व्हरच्या सहीची पडताळणीच होईना. कंस लिहिलेले असते तर तीच ओळ बहुधा निरुपद्रवी ठरली असती. मिस्रा सीच्या (सुरक्षित सी कसं लिहावं याच्या) नियमांत हे कंस सक्तीचे आहेत ते उगाच नाही.

प्रतिसाद ४
मधला मार्गही आहे. स्काला भाषेत २.१० आवृत्तीपासून काही रचना वापरायच्या तर आधी तशी इम्पोर्टची ओळ लिहायची, नाहीतर कंपायलर कुरकुर करतो. याला ‘निर्बंध’ नको, ‘मागून घेतलेली मुभा’ म्हणा.

अवांतर : पायथनमधल्या := चा (हिशोबाच्या पोटातच किंमतीला नाव देणाऱ्या खुणेचा) वाद इतका पेटला की २०१८ साली पायथनचे जनक गीडो व्हान रॉसम यांनी अंतिम निर्णयाचा अधिकारच सोडला. आणि म्हणे साखर!

प्रतिसाद ५
सगळे साखरेमागे लागलात, पण खरा गोलमाल ‘ऐच्छिक’मध्ये आहे. लघुरूप लिहिणाऱ्याला ऐच्छिक असतं. दुसऱ्याचा कोड वाचणाऱ्याला कसली इच्छा? समोर आलं ते कळलंच पाहिजे. दहा जणांनी दहा मुभा घेतल्या की अकराव्याला दहाही शिकणं भाग. ‘वापरायचं नसेल तर वापरू नका’ हे उत्तर म्हणूनच लंगडं.

मूळ प्रश्नकर्ता
हे पटलं. ‘लघुरूप’, ‘विग्रह’ आणि कंसांपुरतं ‘अध्याहृत’ ठेवतो. लेखाच्या मथळ्यातलं ‘ऐच्छिक’ काढतो. फक्त लेखकाला त्याची ‘साखरपेरणी’ भारी आवडलीय. ती सोडवायला आता मलाच थोडी करावी लागणार.