शिंदीच्या पानावर ठिपका दिसला की लगेच 'नवी प्रजाती'?

भिंगवाला: काल नागपूरच्या सेमिनरी हिल्सवरून शिंदीचं पान आणलं, त्यावर मोहरीपेक्षाही बारीक काळे कडक फोड, भिंगातून पाहिलं तर प्रत्येकातून पिवळट धाग्यांचा झुबका वर आलेला अन् बोट फिरवलं की पिवळी पूड. मित्र म्हणे नवी बुरशी, पेपर टाक! अरे ही ग्राफिओला फिनिसिस, 1823 पासून माहीत आहे. झाड बदललं की बुरशीला नवं नाव, ही जुनी खोड. फॉन आर्क्स या बुरशीतज्ज्ञाने 1957 मध्ये कोलेटोट्रायकम या बुरशीच्या गटातली साडेसातशेच्या आसपास नावं तपासली अन् 11 ठेवली. माझं म्हणणं, आधी जुनं कपाट आवरा, मग बारसं करा.

बर्डीकर: अर्धीच गोष्ट सांगितली भाऊ. डीएनए पाहिल्यावर त्या 11 च्या दोनशेच्या वर प्रजाती झाल्या, कारण सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्या सारख्याच दिसायच्या. अन् तुमची ग्राफिओला तरी कुठे पहिल्याच फटक्यात नीट बसली? आधी फॅसिडियम या दुसऱ्याच गटात नोंदली, 1824 ला वेगळी काढली, ती काणी रोगाच्या बुरशींच्या नात्यातली आहे हे कळायला तर अजून कितीतरी वर्षं गेली. बुरशींच्या प्रजाती 22 ते 38 लाख असाव्यात असा अंदाज आहे, नावं जेमतेम दीड लाखाला. ताडामाडाच्या वाळक्या झावळ्यांकडे तर कोणी वाकून बघत नाही, तिथे नवीन सापडणारच.

भिंगवाला: सापडेल हो, नाही कुठे म्हणतोय. पण एका पानावरून अन् आयटीएस नावाच्या डीएनएच्या एका तुकड्यावरून? 2012 मध्ये तो बुरशी ओळखायचा अधिकृत बारकोड ठरला खरा, पण कोलेटोट्रायकमच्या जवळजवळच्या प्रजाती त्याने वेगळ्या होतच नाहीत, चार-पाच जनुकं बघावी लागतात. तेवढी मेहनत कोण करतं?

काटोलचा संत्रेवाला: मले एक सांगा, नाव ठेवून होते काय? माह्या बगीच्यात डिंक्या आला, खोडातून डिंक गळते तो रोग, कार्बेंडाझिम हे बुरशीनाशक ओतलं, पैसे गेले, झाड तसंच. तुमच्या नावानं डिंक थांबते काय?

झावळी: काका, तुमचे पैसे नावापायीच गेले! डिंक्या फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या दिसणाऱ्या जिवाचा. त्यातलीच पाल्मिव्होरा ही प्रजाती बटलर या बुरशीतज्ज्ञाने 1907 मध्ये पिथियम या दुसऱ्या गटात नोंदली, गोदावरीकडे ताडांचे शेंडे सडत होते तेव्हा, अन् पुढे त्यानेच ती फायटोफ्थोरात हलवली. तीच नागपुरी संत्र्यावरही सापडते. अन् फायटोफ्थोरा ही खरी बुरशीच नाही, म्हणून कार्बेंडाझिम तिच्यावर चालत नाही, मेटॅलॅक्सिल हे वेगळं औषध लागतं. वर्गीकरण म्हणजे हेच तर!
भिंगवाले, तुम्हीही ऐका. 2013 पासून नोंदणी क्रमांकाशिवाय बुरशीचं नवं नाव वैधच धरत नाहीत, मूळ नमुना हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहात, ठेवावाच लागतो, पुण्याला आघारकर संस्थेत आहे की. कोणीही उठून नाव देतं असं नाही. पान आहे ना अजून?

भिंगवाला: क्रमांक मिळाला म्हणजे प्रजाती खरी ठरली असं थोडीच आहे, तो तर फॉर्म भरला की मिळतो. पान आईने झाडूसोबत काढलं, रविवारी परत जातो.

काटोलचा संत्रेवाला: ते सोडा हो. मेटॅलॅक्सिल बुडाशी ओतायचं का खोडाले लावायचं, ते सांगा.