शांत कळपालाही हद्द लागतेच

लांडग्यांच्या कथेत कळप शांतताप्रिय दाखवायचा तर हद्दच नको, पाहुण्या लांडग्याला थेट गुहेपर्यंत येऊ द्यावं, ही तुमची सूचना काही पटली नाही. लांडगे हद्द आखतात ती बऱ्याच अंशी मारामारी टाळायलाच. मुताच्या खुणा मधल्या भागापेक्षा कडेला दाट असतात. दोन कळपांच्या मध्ये एक पट्टा राहतो, तिथे शिकारीला जायला दोघंही बिचकतात. अमेरिकेतल्या मिनेसोटात हरणं त्याच पट्ट्यात जास्त तगून राहिलेली दिसली. कथेत हा पट्टा घ्या की! पाहुण्याने तिथे थांबून आरोळी द्यायची, उत्तर आलं तर पुढे. आमच्या बोरिवलीच्या गल्लीच्या तोंडाशी विजेचा खांब आहे, ती कुत्र्यांच्या दोन टोळ्यांची हद्द. परका कुत्रा तिथे थबकतो, शेपूट पायात घालून मान वळवून उभा राहतो, आणि आतले दोघं येऊन त्याला मागून हुंगतात. भुंकाभुंकी भरपूर, चावाचावी क्वचित. (म्हातारी कुत्री तर जागची उठतही नाही.)

कथेत प्रवासाला मात्र अख्खा कळप काढू नका, पिल्लं लहान असताना तर नाहीच. लांब जातो तो एकटा तरुण लांडगा, साधारण एक ते तीन वर्षांचा, जोडीदार आणि मोकळी जागा शोधत. अमेरिकेच्या ओरेगन राज्यातला ओआर-७ नावाचा लांडगा २०११ मध्ये असाच निघाला आणि कॅलिफोर्नियात शिरला. तिथे १९२४ नंतर रानटी लांडग्याची नोंदच नव्हती. तुमच्या कथेतल्या, परवाने घेऊन कळपाकळपांत फिरणाऱ्या दूतापेक्षा असं पात्र जास्त रंगेल. फक्त त्याला परत यायची सक्ती करू नका.